व्हीलचा फोर्स फीडबॅक गेला? आधी पेचकस खाली ठेवा

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या मानेवाड्यातून एका पोट्ट्याचा फोन आला, भाऊ माझं व्हील (गाडीचे गेम खेळायचं स्टीअरिंग) मेलं, रिम, म्हणजे हातात धरायचं गोल चाक, नुसती लोळते, काही जोरच नाही. मी म्हटलं येतो, हात लावू नको. मी पोचेपर्यंत त्याने व्हील पालथं घालून खालचे सगळे स्क्रू काढून पोह्याच्या ताटलीत ठेवले होते. व्हील मेलं नव्हतं. अडॅप्टरची पिन बेसच्या, म्हणजे मोटरवाल्या डब्याच्या, सॉकेटात अर्धीच बसली होती, आईने टेबल पुसताना ओढली गेली असेल. पिन दाबली, व्हीलने डावीकडे उजवीकडे गर्र करून सलामी दिली आणि आमचा पुढचा अर्धा तास ते अकरा स्क्रू परत बसवण्यात गेला.

म्हणून हे लिहून राहिलो. दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतं आणि दरवेळी मी तेच सांगतो.

आधी हे डोक्यात बसवा की व्हीलमध्ये दोन रस्ते असतात. एक हातातून गेमकडे जातो. तुम्ही रिम फिरवली, ती किती फिरली ते आतल्या सेन्सरने मोजलं, आतल्या सर्किट बोर्डाने तो आकडा यूएसबीतून पीसीला दिला, गाडी वळली. दुसरा गेमकडून हाताकडे येतो. पुढच्या टायरवर आत्ता किती ताण आहे, ते किती जोराने सरळ व्हायला पाहून राहिले, याचा गेम सतत हिशोब लावतो, तो जोर सेकंदातून कितीतरी वेळा व्हीलला पाठवतो, बोर्ड त्याप्रमाणे मोटरला करंट देतो आणि मोटर तुमचा हात ओढते, हाच फोर्स फीडबॅक. बस, एवढंच यंत्र आहे. व्हील बिघडलं म्हणजे यातला कोणता रस्ता बंद पडला हे पहिले शोधायचं, मग त्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे ते बघायचं.

गाडी वळते पण हातात जोर नाही? जायचा रस्ता ठीक, यायचा बंद. मग पॉवर, सेटिंग, मोटर किंवा मोटर चालवणारा बोर्डाचा भाग. जोर आहे पण सरळ रस्त्यावर रिम वाकडी धरावी लागते, सेंटर हळूहळू सरकतं? मग मोटर ठणठणीत आहे, मोजणारा सेन्सर चुकून राहिला. दोन्ही नाही, पीसीला व्हील दिसतच नाही? मग यूएसबी, केबल, फार तर बोर्ड. ही विभागणी केली नाही तर माणूस ड्रायव्हर टाकत बसतो आणि बिघाड असतो प्लगमध्ये.

यासाठी सगळ्यात भारी टेस्ट फुकटात मिळते. गिअर किंवा बेल्टवालं व्हील चालू केल्यावर ते बहुतेक स्वतःहून एका टोकापर्यंत फिरतं, मग दुसऱ्या, मग मधे येऊन थांबतं. याला कॅलिब्रेशन म्हणतात. यात दोन्ही रस्ते एकदमच तपासले जातात, कारण मोटर फिरवते आणि सेन्सर मोजतो, गेमचा काही संबंध नाही. त्यामुळे यूएसबी आणि पॉवर दोन्ही काढा, दहा-पंधरा सेकंद थांबा, परत लावा आणि हात मांडीवर ठेवून नुसतं बघा. हात लावायचा नाही, पायडलची केबल रिमला घासत असेल तर बाजूला करा, कारण कॅलिब्रेशनच्या वेळी रिम अडली की ते चुकीचं सेंटर धरून बसतं आणि मग तुम्ही म्हणता व्हील खराब.

काहीच हललं नाही तर पॉवर. अर्धं जाऊन थकल्यासारखं थांबलं तर अडॅप्टर कमजोर झाला, नाहीतर आत काहीतरी अडकतं. एकाच बाजूला जाऊन टोकाला धडकलं आणि तिथेच ढकलत राहिलं तर लगेच बंद करा, त्याला आपण कुठे आहोत हेच कळून नाही राहिलं, तसंच ढकलत ठेवलं तर मोटर तापते. सगळं नीट झालं पण थांबलं बारा वाजताच्या जागी एक वाजता, तर सेन्सर, आणि त्याच्यावर खाली मोठं पुराण आहे. आणि कॅलिब्रेशन जोरात, नीट, मधोमध झालं, खेळतानाही सेंटर सरकत नाही, तर बाप्पा, व्हील उघडायचं नाव काढू नका, बिघाड बहुतेक पॉवरमध्ये, पीसीत किंवा गेममध्ये आहे.

आता पॉवर. बऱ्याच व्हीलमध्ये नुसती यूएसबी लावली तरी पीसीला व्हील दिसतं, यामुळे लोक फसतात. यूएसबी बोर्डापुरती असते, मोटरला वेगळा अडॅप्टर लागतो. लॉजिटेकच्या जी २७, जी २९ वगैरे व्हीलचा अडॅप्टर २४ व्होल्टचा आहे, घरातला १९ व्होल्टचा लॅपटॉपचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका, दुसरा घ्यायचाच तर व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि प्लस-मायनसची खूण तीच. मल्टिमीटर असेल तर अडॅप्टरच्या पिनवर व्होल्टेज बघा, पण नुसतं रिकाम्यात बरोबर दाखवलं म्हणून सोडू नका. आतले कॅपॅसिटर थकले की रिकाम्यात २४ दाखवतो आणि मोटरने करंट ओढला की धपकन खाली बसतो. त्याची खूण अशी की हळू चालवताना जोर येतो आणि एखाद्या जोरदार वळणावर किंवा भिंतीला ठोकल्यावर व्हील एकदम मरतं, मग स्वतःच परत कॅलिब्रेट व्हायला लागतं. असं झालं तर मित्राचा त्याच मॉडेलचा अडॅप्टर दोन तास मागून आणा. दुसरं मीटर-बीटर लागत नाही.

इथे माझंच एक सांगतो कारण यात माझे पंधरा दिवस गेले. एप्रिलपासून माझं व्हील खेळताना मधेच डिस्कनेक्ट व्हायचं, टुंग असा विंडोजचा आवाज, मग टुंग परत आवाज, आणि तोपर्यंत गाडी शेतात. केबल बदलली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर तीनदा टाकला. शेवटी एका दुपारी लक्षात आलं की टुंग वाजायच्या आधी दरवेळी कूलरचा पाण्याचा पंप चालू होऊन राहिला, कारण मी टायमर लावला होता त्याला, दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. कूलर, पीसी आणि व्हील, तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर. पंप चालू झाला की लाईनमध्ये असा झटका यायचा की यूएसबी क्षणभर सुटायची. कूलर दुसऱ्या भिंतीच्या प्लगवर नेला, प्रॉब्लेम संपला. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर, त्यात संध्याकाळी व्होल्टेज कमी-जास्त, त्यामुळे डिस्कनेक्टची तक्रार मार्च ते जूनमध्येच असेल तर आधी एक्स्टेंशन बोर्डावर काय काय लागलं आहे ते मोजा. आणि रिमच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातली अर्थिंग बघून घ्या, जुन्या घरांत तिसरी पिन बऱ्याचदा शोभेची असते.

यूएसबीचं बाकी थोडक्यात. हब काढून टाका, कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात न लावता मागे थेट मदरबोर्डावर लावा. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, लॅपटॉपवाल्यांनी तर नक्कीच. केबल बेसमधून निघते तिथे आणि क्लॅम्पखाली दबते तिथे बोटाने चाचपा, आत तुटलेली तार असेल तर त्या जागी केबल हलवल्याबरोबर टुंग वाजतो. जी २९ सारख्यांवर पीएस३-पीएस४ चं छोटं स्विच असतं, पोट्टे खेळता खेळता ते सरकवतात, ते बदलून यूएसबी काढून परत लावून बघा. आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनो, जी २९ एक्सबॉक्सवर चालत नाही आणि जी ९२० प्लेस्टेशनवर चालत नाही, दोन्ही पीसीवर चालतात, तो बिघाड नाही, तसं बनवलंच आहे.

पीसीत पोचल्यावर पहिले गेम उघडू नका. विंडोजचं बटन आणि आर दाबा, चौकट उघडेल, त्यात इंग्रजीत जॉय, टिंब, सीपीएल टाका. गेम कंट्रोलरची जुनी खिडकी येते, त्यात व्हील निवडून प्रॉपर्टीज. इथे रिम अगदी हळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि रेघेकडे बघा. रेघ रिमसोबत गुळगुळीत सरकली पाहिजे. मधेच उडी मारते, एका जागी अडकते, किंवा पाच-सहा वेळा जोरात इकडे तिकडे फिरवून मधे आणल्यावर रेघ मधे येत नाही, तर सेन्सरवर संशय घ्या. थ्रस्टमास्टर कंपनीच्या व्हीलच्या कंट्रोल पॅनलमध्ये फोर्स तपासायचा वेगळा टॅब आहे, त्यात बटन दाबलं की व्हील स्वतः झटका देतं. तिथे झटका आला आणि गेममध्ये नाही, म्हणजे गेमची सेटिंग.

सॉफ्टवेअरमध्ये मी इतक्या वेळा हेच बघितलं आहे की आता डोळे झाकून विचारतो. एकाच पीसीवर लॉजिटेकचं जुनं गेमिंग सॉफ्टवेअर आणि नवं जी हब, दोन्ही बसलेत का? एक काढा, पीसी रीस्टार्ट करा. स्टीममध्ये (ज्या ॲपवरून गेम घेतो ते) त्या गेमसाठी स्टीम इनपुट चालू आहे का? बंद करा, नाहीतर स्टीम तुमच्या व्हीलला गेमपॅड बनवून गेमपुढे उभं करतं आणि गेम म्हणतो गेमपॅडला कसला फोर्स फीडबॅक. एक्सबॉक्सचा कंट्रोलर पण लागलेला आहे का? काढा, काही गेम पहिल्या सापडलेल्या यंत्रालाच जोर पाठवतात, मग कंट्रोलर गरगर करतो आणि व्हील गप्प. गेम चालू असताना ऑल्ट-टॅब करून व्हॉट्सॲप बघून आलात आणि मग जोर गेला का? काही गेमांत तसं होतं, गेम बंद करून परत उघडा. व्हील गेम उघडल्यावर लावलं का? उलटं करा, आधी व्हील, कॅलिब्रेशन संपू द्या, मग गेम.

आणखी एक. सरळ रस्त्यावर हात सोडला की व्हील मधे यायच्या जागी जोरात एका बाजूला पळून जातं, वळणात आतल्या बाजूला ओढतं, तर जोर उलट्या दिशेने येतो. बऱ्याच गेमांत फोर्स फीडबॅक इन्व्हर्ट करायची खूण असते, ती लावून किंवा काढून बघा. पण सगळ्याच गेमांत उलटं होत असेल आणि तुम्ही किंवा आधीच्या मालकाने व्हील उघडलं होतं, तर मोटरच्या दोन वायर अदलाबदल झाल्यात असं समजा, मात्र तेव्हा कॅलिब्रेशनही बिघडलेलं असतं.

आता ज्या गोष्टी बिघाड नाहीत त्या. गिअरवाल्या व्हीलमध्ये खडबडीत रस्त्यावर खडखड वाजतं, दातांमध्ये थोडी फट असते, ती वाजते. बेल्टवालं शांत असतं, डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मधे गिअर-बेल्ट काही नाहीच, त्यामुळे मित्राकडचं डायरेक्ट ड्राइव्ह चालवून आल्यावर आपलं गिअरवालं खटारा वाटतं, त्याला इलाज एकच, पैसे. हात सोडून सरळ जाताना रिम आपोआप डुलायला लागते, वाढत वाढत जाते, हे पण साधारण सगळ्यांत होतं, कारण गेमचा हिशोब आणि मोटर यांच्यात थोडा उशीर असतो, जोर येईपर्यंत रिम पुढे गेलेली असते. हात ठेवला की थांबतं. खूपच होत असेल तर गेन (एकूण जोर किती यावा ती सेटिंग) कमी करा किंवा डॅम्पर (रिमचं हलणं जड करणारी सेटिंग) थोडा वाढवा.

आणि क्लिपिंग. हे समजून घ्या कारण यात उलटं वागावं लागतं. जोर कमी वाटला म्हणून माणूस गेन १०० करतो, सॉफ्टवेअरमध्ये १००, गेममध्ये १००, तरी समाधान नाही. मोटरची ताकद ठरलेली. गेमने त्याच्यापेक्षा जास्त मागितलं की मोटर तिच्या कमालीवर जाऊन बसते आणि मग टायर घसरला, ट्रॅकच्या कडेच्या कर्बवर गेला, वजन सरकलं, कशाचाच फरक हाताला लागत नाही, सगळं एकसारखं जड. लोक म्हणतात फीडबॅक मेला. मेला नाही, कमालीवर अडकला. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये पायडलचं छोटं ॲप आहे, त्यात पायडलच्या पट्ट्यांसोबत फोर्सची एक पट्टी असते, क्लिपिंग झालं की ती लाल होते. लांब वेगवान वळणात ती सारखी लाल राहत असेल तर गेन खाली आणा, ती फक्त मोठ्या धक्क्यांना लाल व्हावी. गेन कमी केल्यावर फीडबॅक वाढतो हे पहिल्यांदा पटत नाही, करून बघा.

टेबलाचं पण सांगून टाकतो. पातळ प्लायच्या, सनमायका लावलेल्या कॉम्प्युटर टेबलला व्हील कसलं तर अर्धा जोर टेबलच खातं, फळी वाकते, तुमच्या हाताला मऊ मऊ लागतं. क्लॅम्प कसा, फळीखाली लाकडाचा तुकडा द्या, पण रागात इतका कसू नका की क्लॅम्पचं प्लास्टिकच तडकेल.

उन्हाळ्याचा वेगळा विषय आहे कारण आपण नागपूरला राहतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, नवतप्यात तर विचारूच नका, वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी भिंतही गरम लागते. मोटर जोर देताना स्वतः तापते आणि खोलीच तापलेली असली की तिला थंड व्हायला जागा उरत नाही. मग बरीच व्हील स्वतःला वाचवायला जोर कमी करतात. लक्षण ओळखायला सोपं: पहिली वीस मिनिटं मस्त, मग हळूहळू ढिलं, बंद करून जेवून आलं की परत मस्त. हा बिघाड नाही, पण ज्या व्हीलमध्ये पंखा असतो त्याच्या जाळीत धूळ बसली असेल तर ती ब्रशने काढा आणि पंखा फिरतो का ऐका. गेन उतरवा, रात्री खेळा. आणि कूलरच्या हवेच्या तोंडावर व्हील ठेवू नका. थंड वाटतं खरं, पण ती ओली हवा आहे, ताट्यांमधून धूळ-पाणी दोन्ही येतं, आणि पायडलच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं जे चढतं ते बहुतेक त्याचंच देणं असतं.

पायडल पटकन उरकतो. पाय न लावता ब्रेकची रेघ आपोआप थरथरते, ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी रेघ पूर्ण जात नाही, तर आत पायडल किती दाबलं ते मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्या पट्टीवर धूळ बसली. आधी जॉयच्या त्याच खिडकीत बघत प्रत्येक पायडल वीस-तीस वेळा पूर्ण दाबून सोडा, बऱ्याचदा तेवढ्यानेच धूळ सरकते. नाही झालं तर कॉन्टॅक्ट क्लीनर, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे पार्ट विकणाऱ्यांकडे मिळतो. दाराच्या बिजागरीला मारायचा गंज काढायचा स्प्रे चालणार नाही, तो तेलकट थर सोडतो आणि त्यावर अजून धूळ चिकटते.

आता एवढं सगळं करूनही कॅलिब्रेशनच वाकडं असेल किंवा खेळताना सेंटर सरकत असेल, तर मग पेचकस. वॉरंटी असेल तर इथेच थांबा, उघडलं की ती गेली.

माझं व्हील सेकंडहँड होतं, जुनं, गिअरवालं, दोन मोटरवालं. दोष असा की चालू केलं की सेंटर बरोबर, दोन लॅप झाले की सरळ रस्त्यावर रिम डावीकडे पाच अंश, जोरात ठोकलं की दहा. रीस्टार्ट केलं की परत बरोबर. हे लक्षण ऐकलं की मी आता न बघता सांगतो, एन्कोडरची, म्हणजे त्या मोजणाऱ्या सेन्सरची, चकती.

प्लग काढून पाच मिनिटं थांबा, कॅपॅसिटर रिकामे होऊ द्या. खाली जाड सतरंजी किंवा टॉवेल, त्यावर व्हील पालथं. प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो, विशेषतः कोणता कनेक्टर कुठे होता त्याचा. स्क्रू फ्रीजमधल्या बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवा, एका खणात एका थराचे, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो प्लास्टिक फोडून बाहेर निघतो. झाकण हळू उचला, वायर आखूड असतात.

आत मोटरच्या मागच्या टोकाला नखाएवढी पातळ प्लास्टिकची चकती दिसेल, तिला कडेला बारीक बारीक खाचा. एका बाजूला छोटा एलईडी, दुसऱ्या बाजूला सेन्सर, मधून चकती फिरते, खाचांतून उजेड लुकलुकतो आणि बोर्ड ते मोजतो. चकती शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या दांड्यावर, नुसती दाबून बसवलेली असते. मधल्या भोकाला केसाएवढी चीर गेली की एरवी ती शाफ्टसोबत फिरते पण झटका बसला की जागेवर घसरते. शाफ्ट फिरला, चकती मागे राहिली, बोर्डाला वाटलं रिम फिरलीच नाही. तेच ते पाच अंश. माझ्या चकतीची चीर मला साध्या डोळ्याने दिसलीच नाही, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला तेव्हा चमकली. तपासायला एका हाताने शाफ्ट पक्का धरा आणि नखाने चकतीला अगदी हलकं ढकला. सरकली तर सापडला चोर.

लगेच फेविक्विक ओतू नका. दोन कारणं. एक, ती पातळ असते, शाफ्टवरून वाहत मोटरच्या आत गेली की मोटर कायमची जाम. दोन, तिची वाफ जवळच्या वस्तूंवर पांढुरका थर सोडते, तो सेन्सरवर बसला की मग उजेडच दिसत नाही. मी सेन्सरचा छोटा बोर्ड दोन स्क्रू काढून बाजूला केला, शाफ्टवरचं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर घेऊन पुसलं, अराल्डाइटचे दोन भाग कालवून टूथपिकच्या टोकाने चकतीच्या मधल्या भागाला गोल लावलं, टाचणीच्या डोक्याएवढं, खाचांपासून लांब, आणि चकती सरळ, न डुलता फिरते का ते शाफ्ट फिरवून बघितलं. डुलली तर सेन्सरला घासते. मग पूर्ण २४ तास कपाटावर ठेवलं. आई दोनदा विचारून गेली की हे खोलीभर काय पसरून ठेवलं आहे, कायले करतोस हे सगळं.

चकती घट्ट असेल तर सेन्सरच्या फटीत केस, धूळ, ग्रीसचा थेंब बघा. हवेचा रबरी फुगा मारा, तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते.

उघडलंच आहे तर मोटर पण तपासा, जोरच नसल्याची तक्रार असेल तर हेच करायचं. साध्या दोन वायरच्या मोटरसाठी आहे हे, ब्रशलेसवाल्यांसाठी नाही. मोटरचे कनेक्टर बोर्डातून काढा आणि रिम फिरवा, हलकी फिरेल. आता एका मोटरच्या दोन्ही वायरची टोकं एकमेकांना टेकवा आणि परत फिरवा. रिम एकदम जड लागली पाहिजे, जणू शिरा ढवळून राहिलो, कारण फिरणारी मोटर वीज बनवते आणि तीच वीज तिला अडवते. काहीच फरक पडला नाही तर त्या मोटरचे ब्रश किंवा गुंडाळी गेली. आणि याचं उलटं पण उपयोगाचं आहे: प्लग काढलेला असताना, वायर बोर्डात लागलेल्या असताना रिम जड, आणि वायर काढल्या की हलकी, तर बोर्डावरचा मोटरला करंट देणारा पार्ट, मॉसफेट, शॉर्ट झाला. तो काळा पडलेला दिसतो कधी कधी, वास पण येतो. मॉसफेट बदलायला चांगला सोल्डरिंगवाला लागतो, टीव्ही-इन्व्हर्टरचे बोर्ड दुरुस्त करणारा चालतो, त्याच्याकडे अख्खं व्हील नेऊ नका, फक्त बोर्ड न्या आणि कोणती वायर कुठे होती त्याचा फोटो दाखवा.

गिअरचे दात एकेक करून बघा, तुटलेला दात असला की एकाच जागी टक्क असा झटका हाताला लागतो. जुनं वाळलेलं ग्रीस कापडाने काढून प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा, दातांवर पातळ फक्त. शिलाई मशीनचं तेल नको, ते वाहत जाऊन सेन्सरवर बसतं.

बंद करायच्या आधी, झाकण उघडं असतानाच, वायर हलणाऱ्या भागात येत नाहीत ना बघून एकदा पॉवर द्या, बोटं लांब ठेवा आणि कॅलिब्रेशन बघा. मग झाकण लावा. रिमच्या बरोबर बारा वाजताच्या जागी पांढऱ्या टेपची बारीक पट्टी चिकटवा, गेन ५० वर ठेवून अर्धा तास चालवा, मुद्दाम दोन-चारदा भिंतीला ठोका, आणि मग सरळ रस्त्यावर पट्टी कुठे आहे ते बघा. माझी पट्टी अजून चिकटलेलीच आहे, कडेने काळी झाली, पण बारावरच आहे.